सायकलची कुरकुर

माझी सायकल घरी आली तेव्हा मुकी होती, हे मी शपथेवर सांगतो. थोरल्या भावानं ती मुंबईत जुनी विकत घेतली, आगबोटीनं बाणकोटला पाठवली आणि तिथून पडावातून ती महाडच्या बंदरात उतरली. बंदरापासून पोलादपूरपर्यंत मी तिच्यावर बसून आलो. एवढ्या वाटेत तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. चाकाखालची खडी वाजत होती, माझी छाती वाजत होती, पण सायकल गप्प.

महिनाभरानं ती कुरकुरायला लागली.

आवाज कसा म्हणाल, तर कोरड्या बिजागरीतून निघतो तसा. कुर्र, मग जरा थांबायचं, पुन्हा कुर्र. उजवा पाय खाली गेला की एकदा, डावा गेला की एकदा. भात कापून झालं की आमचं खोरं अगदी उघडं पडतं, आणि त्या उघड्या खोऱ्यात आवाज किती लांब जातो ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. दोन शेतं पलीकडची माणसं वाकलेली कंबर सरळ करून माझ्याकडे बघायची. घाटातून तेव्हा दिवसाकाठी एखादी मोटार जायची, तिच्याकडेही कोणी इतकं बघत नसे.

नुसत्या कानाचा प्रश्न असता तर मी सोसलंही असतं. प्रश्न नोकरीचा होता. मी देवी काढणारा होतो. दिवाळी झाली की उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव, वाडीवाडीला जायचं, तान्ह्या पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायची, आणि आठव्या दिवशी परत जाऊन फोड धरला की नाही ते पाहायचं. लोक मला डाक्टर म्हणत. मी मॅट्रिकला गटांगळी खाल्लेला माणूस, पण कोणी डाक्टर म्हटलं तर खोडून काढत नसे. स्वभावानं मी तेव्हा तापट होतो. आता वयानं विझलोय, इतकंच.

लस टोचायची तर पोर हाती लागायला हवं. आणि नेमकं तेच होत नव्हतं. सायकल वाडीच्या खालच्या वळणाला आली, कुर्र झालं, की वरून बाईचा आवाज यायचा, "आला गो, देवीवाला आला!" मग नुसती धावाधाव. अंगणातली पोरं काखेत मारून बाया घरात पळायच्या. दारं धडाधड लागायची. कौलांतून, गवतातून एकदम दाट धूर वर यायचा. मी वेशीवर पोचेपर्यंत वाडीत कोंबडीसुद्धा दिसायची नाही. मग मी आंब्याखाली उभा राहून ओरडायचो. सरकारचं नाव घ्यायचो, दंडाची भीती घालायचो, पाटलाला बोलावतो म्हणायचो. अर्धा-पाऊण तास घसा फोडल्यावर एकेक दार उघडायचं आणि बाया ओल्या केसांनी पोरं घेऊन बाहेर यायच्या. माझ्या ओरडण्यानं येतात, अशी माझी ठाम समजूत होती. दोन-तीन जणी त्या पाऊण तासात मागच्या दारानं सटकतही असतील, अशी शंका मात्र मला कायम खायची.

त्या हिवाळ्यात ती शंका फार वाढली. आंबेनळीच्या वर, घाटापलीकडे देवी आल्याची बातमी होती. देवी म्हणजे खरी देवी, अंगभर फोडांची, माणसं नेणारी. घाट उतरून ती खाली यायला एक बाजारचा दिवस पुरे होता. आणि कापडे गावाच्या वर डोंगरात अठरा घरांची जी वाडी आहे तिथली नऊ पोरं टोचायची राहिली होती. त्या नवांत एक माझ्या मेहुणीची होती. बायकोचं माहेर उमरठच्या बाजूचं. तिची धाकटी बहीण या वाडीत दिलेली, तिचा नवरा मुंबईला गोदीत. मुलगी अकरा महिन्यांची. मागच्या खेपेला तिला ताप होता म्हणून मीच टोचलं नव्हतं. दोन टप्पोरे डोळे आणि माझ्या मिशीला हात घालायची सवय, एवढं मला तिचं ठाऊक होतं. ती राहून गेली ही गोष्ट रोज सकाळी सायकलला हात लावताना मला आठवायची.

म्हणून मी ठरवलं की आधी हा आवाज मारायचा. बिनबोभाट वाडीत शिरायचं, नऊच्या नऊ पोरं जागेवर पकडायची आणि मोकळं व्हायचं.

आवाज मारणं म्हणजे काय, दोन थेंब तेल, असं मला वाटलं होतं. चेनीला तेल दिलं. कुर्र. दोन्ही पायडलं खोलून, छर्रे घासलेटात धुऊन पुन्हा बसवली. कुर्र. मडगार्ड चाकाला लागत असेल म्हणून ते वाकवलं, मग वाकडं झालं म्हणून सरळ केलं. मागं बांधलेली लशीची पत्र्याची पेटी हलत असेल म्हणून ती फडक्यात गुंडाळली. एक दिवस पेटी गळ्यात अडकवून गेलो. पोलादपूरच्या बाजारात मला बघून लोक हसले, आणि सायकल त्यांच्यापेक्षा मोठ्यानं कुरकुरली.

या सगळ्यात माझी बायको माझ्या शेजारी बसलेली असायची. खोबरेल तेलाची वाटी तीच आणून द्यायची. छर्रा घरंगळत चुलीखाली गेला तर चिमट्यानं तीच काढायची. "सापडला का आवाज?" असं विचारायची, आणि मी नाही म्हटलं की, "सापडंल हो," म्हणायची. सायकल आल्याच्या महिन्यातच तिनं जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून सीटला गोधडीसारखी जाड खोळ शिवली होती, खालून सगळीकडून टाके घालून. सीट टणक होती, आणि मी संध्याकाळी कमरेवर हात ठेवून घरात शिरायचो ते तिनं पाहिलं होतं. त्या खोळीचं मला फार कौतुक होतं. दिसेल त्याला मी ती दाखवायचो.

शेवटी लस आणायला महाडला गेलो तेव्हा सायकल तिथल्या एकुलत्या एक सायकलवाल्याकडे टाकली. तो माणूस खवचट होता पण हाताचा पक्का. त्यानं सायकल दोरीनं आढ्याला टांगली, हातानं पायडल गरगर फिरवलं, कान लावून ऐकलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं. नाही. खाली उतरवली, मी बसलो, कुर्र. पुन्हा टांगली, चूप.

"साहेब," तो म्हणाला, "सायकलीत काही दोष नाही. दोष बसणाऱ्यात आहे. तिला तुम्ही आवडत नाही."

दुकानातली चार माणसं खो-खो हसली. मी चिडून सायकल घेऊन निघालो. त्यानं अर्धं उत्तर माझ्या हातात दिलं होतं, पण रागाच्या भरात ते मला दिसलं नाही. माणूस बसला की आवाज, माणूस उठला की नाही. याहून सरळ कोण काय सांगणार?

पुढच्याच आठवड्यात कापड्याच्या वाटेवर ते उत्तर आपसूक पुढं आलं. सकाळची वेळ होती. एका मोरीपाशी पावसानं रस्ता खाल्ला होता, तिथं धक्का बसू नये म्हणून मी पायडलांवर उभा राहिलो. आवाज थांबला. मोरी ओलांडून बसलो, कुर्र. परत उभा राहिलो, चूप. बसलो, कुर्र. रस्त्यात कोणी असतं तर त्याला वाटलं असतं, या माणसाला काहीतरी चावतंय. म्हणजे आवाज पायडलात नाही, चेनीत नाही, चाकात नाही. आवाज सीटमध्ये. सगळी सायकल नट नट करून उसवली आणि ज्यावर रोज बसत होतो तेवढं सोडलं, कारण त्याच्यावर बायकोची खोळ होती.

मी सायकल आडवी टाकली, खिशातल्या चाकूनं खालचे टाके कापले आणि खोळ उलटी केली.

आत चिव्याच्या बांबूच्या दोन चिपा होत्या. बोटाएवढ्या, नीट तासलेल्या. एक सीटच्या स्प्रिंगला काथ्यानं आवळून बांधलेली, दुसरी खोळीच्या आतल्या अंगाला शिवलेली, अशी की बसणाऱ्याचं वजन या पायावरून त्या पायावर गेलं की एकीवर एक घासावी. दोन्हींवर राळ चोळलेली होती. बोटाला चिकटली.

मी तिथंच मोरीच्या कठड्यावर बसलो. उमरठकडे रानडुकरांना हुसकायला शेताच्या कडेला वाऱ्यावर करकरणारे बांबू लावतात, ते मी सासुरवाडीला पाहिले होते. रात्रभर कुरकुरतात. तिथं लहानपणापासून राखणीला बसलेल्या बाईला हे करायला कितीसा वेळ लागणार! पण तीन महिने माझ्याशेजारी बसून तेलाची वाटी पुढं करणारी हीच बाई? "सापडला का आवाज?" विचारणारी हीच? चोर घरात निघाला असता तरी मला इतका धक्का बसला नसता. मी त्या चिपांकडे बघत होतो आणि मला एकच अर्थ दिसत होता. हिनं आपल्या माणसांना इशारा दिला. माझ्याच सायकलवर, माझ्याच बुडाखाली, पोरं लपवा म्हणून सांगणारी घंटा बांधली. आणि कोणापासून लपवा? जो तिच्या बहिणीचं पोर वाचवायला धडपडतोय त्याच्यापासून!

चिपा खिशात घातल्या, खोळ पेटीवर टाकली आणि निघालो. सायकल एक शब्द बोलली नाही.

वाडीत त्या दिवशी मला कोणी येताना ऐकलं नाही. कुत्रं भुंकलं तेव्हा मी पहिल्या अंगणात उभा होतो. दारं सताड उघडी, पोरं अंगणात, चुली पेटलेल्या. लसणाच्या फोडणीचा आणि सुकटीचा घमघमाट सगळ्या वाडीवर पसरला होता. एक बाई मला बघून इतकी दचकली की तिच्या हातातली पळी खाली पडली. मला मोठा विजय झाल्यासारखं वाटलं. पेटी उघडली, लशीची काचेची नळी फोडली आणि समोर येईल ते पोर धरलं. पाटलाचा भाऊ तिथंच होता, त्याला दारात उभा केला. कोणाला हलू दिलं नाही.

मेहुणी चुलीपुढं बसली होती, मुलगी मांडीवर. कढईत सुकट तडतडत होती. मी आत शिरलेला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

"दाजी, जरा थांबा," ती म्हणाली. "चूल तरी विझवते. पोरीच्या अंगावर पानी घालते. थोडं थांबा, पाया पडते तुमच्या."

"तुमचं थोडं थांबणं मला ठाऊक आहे," मी म्हणालो आणि मुलीचा दंड हातात घेतला.

मुलगी रडलीसुद्धा नाही. दुसऱ्या हातानं तिनं माझी मिशी धरली. मेहुणी मात्र तोंडावर पदर घेऊन बसली. तासाभरात नऊच्या नऊ पोरं टोचून झाली. इतकी साफ सकाळ माझ्या नोकरीत कधी गेली नव्हती. उताराला मी चक्क गाणं म्हणत आलो.

घरी बायको ओटीवर तांदूळ निवडत होती. सायकल अंगणात आली ते तिनं ऐकलं नाही, माझी सावली सुपात पडली तेव्हा मान वर केली. तिची नजर आधी सीटवर गेली. खोळ नव्हती. मी खिशातून दोन्ही चिपा काढून तिच्या पुढ्यात फेकल्या. वाटेत मी पुष्कळ शब्द जमवले होते. विश्वासघात, अडाणीपणा, बहिणीचं पोर, सगळं. ते सुरू करायला तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं,

"वाडीत जाऊन आलाव?"

"आलो. नऊ पोरं टोचली. एकही सुटलं नाही."

"चुलीवर काय व्हतं?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. "कोणाच्या चुलीवर?"

"माझ्या बहिनीच्या. वाडीतल्या चुलींवर. काय शिजत व्हतं?"

"सुकट होती. फोडण्या होत्या. तुला काय करायचंय?"

ती सूप बाजूला ठेवून खांबाला टेकली. मी तिला इतकी खचलेली त्याआधी पाहिली नव्हती. मग ती बोलली, हळू आवाजात, मला न रागावता.

"देवी म्हंजी पावनी. तुमी सुईनं आना नायतर ती आपली येऊ दे, पावनी तीच. घरात म्हावरं असतांना, फोडनीचा धूर असतांना ती आली तर पोराच्या डोळ्यांवर उठते. म्हनून बाया आधी चूल विझवतात, सारवतात, न्हातात, पोराला न्हाऊ घालतात, दाराला कडुलिंबाची डहाळी लावतात. मंग पोर घेऊन बाहेर येतात. याला येळ लागतो. पयला देवीवाला वेशीवरून हाळी द्यायचा आनि आंब्याखाली बिडी ओढत बसायचा. तो काय आळशी व्हता?"

मला आठवलं. माझ्या आधीचा तो म्हातारा माणूस पायी फिरायचा आणि दिवसाला एकच गाव करायचा. मी त्याला आळशीच म्हणत आलो होतो. आणि हेही आठवलं की सायकल आली त्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, आधी हाळी द्यायला माणूस धाडत जा. मी तिच्यावर खेकसलो होतो, मी काय दवंडी पिटत फिरू का, असलं अडाणी बोलणं या घरात पुन्हा नको. ती पुन्हा बोलली नव्हती. तिनं दोन चिपा तासल्या होत्या.

"म्हणजे त्या पोरं लपवत नव्हत्या?" मी विचारलं.

"पोरं लपवायची असती तर रान काय लांब हाय?"

तो एकदम दाट होणारा धूर मला दिसला. पाणी ओतलेल्या चुलींचा धूर. ते ओले केस दिसले. तीन महिने ते रोज माझ्या डोळ्यांपुढं होतं आणि मी आंब्याखाली उभा राहून त्या बायांना दंडाची भीती घालत होतो! लाज वाटली असं म्हणणं कमी आहे. अंगावरची कातडी कोणी ओढून काढतंय असं झालं.

"आता काय होईल?" मी विचारलं.

"आता पावनीला घालवतील. लिंबाच्या पान्यानं दंड धुतील. चुना लावतील. धुतला पन असंल."

मी तसाच उठलो आणि सायकल काढली. दुपारचं ऊन, पोटात अन्न नाही, आणि ती सायकल! तिच्या गप्प बसण्याची आता मला भीती वाटत होती. वाडीत पोचलो तर पोरं अंगणात खेळत होती. नऊच्या नऊ दंडांवर पांढरा चुना. मी पेटी उघडली, हात जोडले, पुन्हा टोचू द्या म्हणालो. मी हात जोडलेले वाडीनं पहिल्यांदाच पाहिले असतील. कोणी रागावलं नाही, कोणी दार लावलं नाही. नुसत्या नाही म्हणून माना हलवल्या.

मेहुणी म्हणाली, "दाजी, दोष तुमचा नाय. चुलीवर सुकट माझ्याच व्हती. पन पावनी एकदा घालवली ती लगेच बोलवायची नाय. शिमगा होऊ द्या. मंग तुमी वाजत या, आमी सगली तयारी करून ठेवतू."

शिमग्याला पाच आठवडे होते. आठव्या दिवशी गेलो, एकाही दंडावर फोड नव्हता. त्यानंतर दोनदा गेलो. लशीनं कसं होतं ते समजावलं, पाया पडलो, बायकोला बरोबर नेलं. शिमगा होऊ द्या, एवढंच उत्तर. पोलिसांना घेऊन जाता आलं असतं. पण जबरदस्ती करून काय झालं होतं ते माझ्या डोळ्यांपुढं होतं.

शिमग्याच्या दहा दिवस आधी देवी घाट उतरून आली.

वाडीतली दोन पोरं गेली. मेहुणीची मुलगी जगली. एकवीस दिवस माझी बायको तिच्या उशाशी बसून कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. एकविसाव्या दिवशी खपल्या धरल्या, मुलीनं डोळे उघडले आणि त्यांत बुबुळ दिसेना. नुसता ताकासारखा पांढरा रंग. मी समोर बसलो होतो. ती आवाजाच्या रोखानं हात पुढं करत होती, चाचपत होती, आणि तिला माझी मिशी सापडत नव्हती. मीच तिचा हात धरून तिथं नेला.

वाडीच्या समजुतीनं अवेळी आलेल्या देवीचा कोप झाला. माझ्या समजुतीनं टोचलेली लस धुतली गेली म्हणून रोग लागला. कसंही बघा, मधे उभा असलेला माणूस एकच, आणि तो मी. खात्यानं मला काही विचारलं नाही. वाडीनंही नाही. बायकोनं त्या दिवसानंतर एका शब्दानं मला बोल लावला नाही, आणि ते सोसणं मला फार जड गेलं.

साथ ओसरल्यावर मीच त्या दोन चिपा तिच्या हातात दिल्या. जुनी खोळ धुऊन आणली होती.

"सैल शिवू का घट्ट?" तिनं विचारलं.

"कशीही शिव. जास्तीत जास्त वाजली पाहिजे."

तिनं ताजी राळ चोळून दिली. पुढं चिपा झिजल्या की आम्ही नवीन तासायचो. महाडचा तो सायकलवाला मला बघून दर वेळी म्हणायचा, "साहेब, अजून नाही का पटत तिचं तुमच्याशी?" मी हसून पुढं जायचो. वळणाला पोचलो की मुद्दाम जोर देऊन पायडल मारायचो. वरून हाक यायची, "आला गो!" धूर दाट व्हायचा. मी आंब्याखाली बसायचो, पाऊण तास, कधी तासभर. बिडी मात्र ओढायला शिकलो नाही.

पाचएक वर्षांनी मेहुणीला मुलगा झाला. त्याला टोचायला मी गेलो त्या सकाळी वेशीवर अजून पुरता टेकलोही नव्हतो, तोच ती मुलगी समोर आली. सहा-सात वर्षांची होती. एका हातानं गडग्याचे दगड चाचपत, भराभर, जराही न अडखळता. आवाज ऐकून तिनं मला वळणावरच ओळखलं होतं. तिनं सायकलला हात लावला, मग सीटला, मग हात सीटखाली गेला आणि खोळीवरून तिची बोटं सरळ त्या चिपांवर थांबली. जे शोधायला मला तीन महिने लागले होते ते तिला एका दमात सापडलं.

"काका, ह्यो कुरकुरतो तो ह्यो हाय?"

"हो."

"मोडलाय?"

"नाही. मुद्दाम ठेवलाय. तुझ्या मावशीनं."

तिनं थोडा वेळ चिपा दाबून पाहिल्या. कुर्र. हसली. मग पांढरे डोळे माझ्या तोंडाकडे करून म्हणाली,

"माझ्या टायमाला वाजली नवती ना? आई सांगते."

खोटं सांगावं असं एक क्षण वाटलं, पण ते डोळे माझ्याकडे लागले होते.

"नाही वाजली," मी म्हणालो. "मी ती काढली होती."

ती काही रागावली नाही. तिनं सीटवर दोनदा थोपटलं.

"आता नका हां काढू. बाबू लहान हाय," ती म्हणाली, आणि आईला चूल विझवायला सांगायला गडग्याला हात लावत परत घराकडे गेली.